वजा जाता

आमच्या काउंटी कार्यालयात येणाऱ्यांसाठी खुर्च्या दोन.
एक मोडकी.
नुकसान सांगायला आलेला माणूस
नेमका मोडकीवर बसतो,
चांगली जणू त्याच्याहून जास्त बुडालेल्याला सोडून.

एप्रिलातलं हिमवादळ तीन दिवस चाललं.
चौथ्या दिवशी ते येऊ लागले,
बुटांचा बर्फ उंबऱ्यावर आपटून, टोप्या हातात.
रेमंड फाइफलनं वासरं सांगितली, एकोणीस.
मग म्हणाला, थांब मार्लिस, वीस.
एक आज पहाटे गेलं,
स्वयंपाकघरात, शेगडीच्या उबेला.
मी एकोणीस खोडून वीस केले.
खाडाखोडीपाशी सही लागते.
त्यानं केली.

व्हर्लिन ऑपडाल आला पाचला पाच कमी असताना.
लोकरीचा एक हातमोजा, गच्च भरलेला.
तो त्यानं माझ्या टेबलावर उपडा केला.
मधमाशा सांडल्या,
साळीच्या फोलपटासारख्या हलक्या,
आवाजसुद्धा तेवढाच.
पुरावा, म्हणाला.

फोटो चालतो, व्हर्लिन.
पेट्या किती?
तीनशे बारा.
मेल्या किती?
दोनशे चाळीस.

आता नियम असा, की हिवाळ्यात काही पेट्या मरतातच.
त्यांचं सरकार काही देत नाही.
शंभराला पंधरा.
शेहेचाळीस पूर्णांक आठ दशांश आले,
मी सत्तेचाळीस धरल्या.
शून्यातून सात जात नाहीत,
शेजारच्या घरातून दशक उसना घेतला.
तिथेही पुरेना, आणखी एक उसना.
एकशे त्र्याण्णव.

तो आकड्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, त्या सत्तेचाळीस कुठल्या, सांगशील?
म्हणजे त्यांच्यापुरतं
वाईट वाटून घ्यायचं नाही मी.

मी पट्टीनं माशा लोटून लिफाफ्यात भरल्या.
पुढे कितीतरी दिवस
सातचं बटण दाबलं की अडकायचं.
खाली एक पंख होता.

चेक ऑगस्टात निघाले.
रेमंडनं त्याच दुपारी वटवला, चारा घेतला,
बायकोचे दात करून घेतले, आणि मला येऊन दाखवलंन,
दात नव्हे, पावती.

व्हर्लिन आला तो चेक खिशात तसाच घेऊन.
सहा पेट्या जिवंत आहेत, म्हणाला.
तेव्हा गार होत्या. कान लावला होता, काही नव्हतं.
मे महिन्यात गुणगुणल्या.
मग मे महिन्यात का नाही बोललास?
तो टोपीची कड फिरवत राहिला.
खात्री नव्हती, म्हणाला.
एल्नोरा गेली त्या वर्षीही
घरात असं गुणगुणणं ऐकलंय मी.

अर्जात मेलेल्यांना रकाना आहे,
पळून गेलेल्यांना आहे,
पुरात वाहून गेलेल्यांनासुद्धा.
मागे फिरलेल्यांना नाही.
मी फार्गोला फोन लावला.
तिकडचा पोरगा म्हणाला, अर्जदाराची चूक, असं लिहा.
लिहिलं.
व्हर्लिननं चष्मा चढवून वाचलं.
चूक नको, म्हणाला.

पलीकडे धान्याच्या कोठाराचा पंखा घरघरत होता.
आम्ही दोघं बसलो,
तो अर्थातच मोडकीवर.
माझी जेवणाची वेळ टळून गेली.
शेवटी मी खोडून लिहिलं:
मोजणी घाईत झाली.
हे ठीक, म्हणाला,
आणि खाडाखोडीपाशी सही केली.

निघताना त्यानं खुर्ची उलटी करून पाय तपासला.
एक स्क्रू हवा फक्त, म्हणाला, आणीन.
अजून आणलेला नाही.